चव्वेचाळीस अंशांतला सत्कार

"अखेर सरकारला अक्कल आली! मला बोलावलंय!" गुरुराज मास्तरांनी सोलापूरच्या भवानी पेठेत जाहीर करून टाकलं. विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षणाचं धोरण ठरवायला राज्यात नवं सल्लागार मंडळ निघत होतं आणि त्यातल्या एका जागेसाठी मास्तरांची मोबाइलवर व्हिडिओ-मुलाखत होती. निवृत्तीनंतर त्यांचा सल्ला कुणी घेत नव्हतं. बायको विचारायची, पण दळण आणलं का, एवढंच! ही जागा त्यांना जिवापाड हवी होती.

मुलाखत म्हणजे निवडच, असं धरून शेजारचा धोंडप्पा नारळ आणि जाडजूड चादर घेऊन हजर!

"आमच्याच मागावरची हाय, मास्तर! अंगावरनं काढायची न्हाय हां!"

मे महिना, त्यात लाईट गेलेली. धोंडप्पामागून अख्खी गल्ली आली आणि प्रत्येकाच्या हातात चादर! मास्तरांचं पार गाठोडं झालं.

"अहो, काढा की त्या! घेरी येईल!" मास्तरांच्या बायको, महेश्वरीबाई, कुजबुजल्या.

"गप! लोकांना काय वाटेल?"

तेवढ्यात फोन वाजला. मास्तरांनी इअरफोन कानात खुपसले आणि सुटले, "मॅडम, पोरांना 'का?' विचारायला शिकवा! लोक काय म्हणतील, याची फिकीर कसली?"

पडद्यावर मंडळाच्या अध्यक्षबाई खूश दिसल्या. मग त्यांनी चष्मा सावरला. "मास्तर, सोलापुरात आज तापमान किती?"

"चव्वेचाळीस, मॅडम!"

"मग एवढ्या चादरी का?"

मास्तरांनी समोर पाहिलं. कॉटवर धोंडप्पा हात जोडून, अभिमानानं फुलून बसला होता. मास्तरांचं सगळं विज्ञान चादरींखाली दबलं.

"काढल्या तर... धोंडप्पाला वाईट वाटेल," ते पुटपुटले.

बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "मास्तर, माणूस लाखमोलाचे आहात! पण कुणाला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसणारे सभासद आमच्याकडे आधीच भरपूर आहेत हो!"

फोन बंद झाला. मास्तरांनी कानातले इअरफोन काढले.

"थेट सरकारपुढं माझं नाव घेतलंसा!" धोंडप्पा कॉटवरून टुणकन उठला. "जमलं न्हवं, मास्तर?"

आता मात्र खरं सांगायचंच, असं ठरवून मास्तरांनी तोंड उघडलं.

"जमलं की!"

महेश्वरीबाईंनी कपाळावर हात मारला. संध्याकाळी नव्या पेठेत अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. मास्तर हल्ली भाजीला लांबच्या रस्त्यानं जातात.