बिनआवाजाची गाडी आणि आईचा गुरुवार

मला वाटलं होतं, मी शिकून परत आले की बाबा त्यांची हिरवी गाडी घेऊन मला विमानतळावर आणायला येतील. जर्मनीतल्या माझ्या खोलीच्या खिडकीबाहेर बर्फ पडत असायचा, आणि मी डोळे मिटून हेच बघायचे. गाडीचं टप उघडं, बाबांची चपटी टोपी, माझ्या मांडीवर माझी डॉक्टरेट, आणि आम्ही खिंड ओलांडून आमच्या कोकोपू खाडीत उतरतोय. खाली पाणी इतकं निळं, की जणू कुणीतरी आत्ताच पुसून ठेवलंय.

प्रत्यक्षात आई आली. शेतावरचा पिकअप घेऊन. पुढच्या सीटवर कुत्र्याच्या बिस्किटांचं पोतं होतं, तेच मी मांडीवर घेतलं.

"बाबा कुठायत?"

"शेडमध्ये," आई म्हणाली. "गाडीचं इंजिन मेलं. तेव्हापासून हा माणूस घराबाहेर पडलेला नाही. गुरुवारीसुद्धा नाही!"

गुरुवार ती असं म्हणाली, जसं कुणी 'जेवायलासुद्धा नाही' म्हणतं. बाबा दर गुरुवारी दुपारी डोंगरापलीकडच्या गावात बोल्स खेळायला जायचे. हिरवळीवर गोळे घरंगळवण्याचा तो खेळ चुकला म्हणून एवढं काय बिघडलं, हे मला कळेना.

"पिकअप घेऊन जायचं ना त्यांनी."

"मी तेच म्हटलं. म्हणतो, ही गाडी नव्हे, ही नुसती वाहतूक आहे." आईनं गिअर बदलला. "ब्रायर, तू इंजिनियर आहेस. काहीही कर, पण याला गुरुवारी घराबाहेर काढ."

आईचं बाबांवर किती प्रेम आहे, असं मनात येऊन मला भरून आलं. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

शेडमध्ये बाबा उघड्या बॉनेटशेजारी वेताच्या खुर्चीत बसले होते, दवाखान्यात पेशंटजवळ बसावं तसे. हातात गार झालेला चहा. दोन सीटची ती ब्रिटिश गाडी बाबांनी लग्नाआधी घेतलेली. इंजिनाच्या लोखंडाला आता उभी भेग गेली होती.

"जुनं मिळत नाही, नवं बसत नाही," बाबा म्हणाले. "माझ्यासारखंच आहे तिचं."

"बाबा," मी म्हटलं, आणि माझ्या अंगात आलं. माझ्या अंगात येतं. जग तापतंय, समुद्र चढतोय, आणि आपण अजून धूर सोडत बसलोय, असं सगळं मी एका दमात सांगितलं. ठोकर लागलेल्या एखाद्या नव्या गाडीतली विजेची मोटर आणायची, इंजिनाच्या जागी बसवायची. पेट्रोल नाही, धूर नाही. "आणि आवाज नाही! माझा सगळा प्रबंध त्यावरच आहे, बाबा! गाडीतला आवाज नाहीसा कसा करायचा!"

बाबांनी चहाचा मग खाली ठेवला. "अगदीच नाही?"

"अगदीच नाही."

"थोडासासुद्धा?"

"शून्य!"

"म्हणजे… वर खिंडीत? चढ संपतो तिथं? तिथं तर ती आपोआपच ओरडायची."

"खिंडीत तर मुळीच नाही!"

बाबा बराच वेळ खिंडीकडे बघत राहिले. आनंदानं माणूस असा अबोल होतो हे मी वाचलं होतं.

कामाला सगळा हिवाळा लागला. ते दिवस आठवले की अजून मला शेडच्या पत्र्यावरचं दव टपकताना ऐकू येतं. मी मोटर बसवली, बॅटऱ्या पेट्रोलच्या टाकीच्या जागी पेटीत घालून पेटीला असं सील केलं की त्यात मुंगी शिरणार नाही. जुना भोंगा, ज्याचा आवाज प्रसूतीला आलेल्या गायीसारखा होता, तो मी काढून आमच्या शेजारच्या हूइयामावशीला तिच्या ट्रॅक्टरसाठी देऊन टाकला, आणि एक सभ्य भोंगा बसवला. बदललेल्या गाड्या तपासणारा माणूस शहरातून आला, खालून-वरून बघून गेला, आणि त्यानं मंजुरीचा बिल्ला ठोकला. त्या रात्री मला स्वप्न पडलं की गाडी ढगासारखी डोंगरावरून तरंगत जाते आहे आणि खाली सगळी खाडी टाळ्या वाजवते आहे, पण टाळ्यांचाही आवाज येत नाहीये.

पहिली फेरी अर्थातच गुरुवारी. मंजुरीच्या खटपटीत वसंत गेला होता आणि आता उन्हाळा ऐन भरात होता. मी बटण दाबलं.

"कधी सुरू करणार?" आईनं फाटकातून विचारलं.

"झाली सुरू."

"कशावरून?"

"अगं, दिवा लागलाय ना तिथं!"

"बरं बाई." आईनं हात हलवला. "सावकाश या. घाई नको. पलीकडे चहासुद्धा घ्या. दोनदा घ्या!"

किती ते प्रेम! मला परत एकदा भरून आलं.

जाताना सगळं स्वप्नासारखंच झालं. येताना खिंडीत पोचलो आणि बाबांनी गाडी थांबवली. खाली खाडी उन्हात पेंगत होती. धक्का, बोटी उतरवायचा सिमेंटचा उतार, त्याच्याजवळ हूइयामावशीचा गंजका ट्रॅक्टर. वारा आला की अख्ख्या डोंगरावरचं पिवळं गवत कूस बदलायचं. गाडीत बसून मी आयुष्यात पहिल्यांदा पक्षी ऐकले.

बाबांनी भोंगा दाबला. "पिप्," भोंगा म्हणाला.

"हा एवढाच?"

"सभ्य आहे ना?"

"फारच." त्यांनी परत दाबला. पिप्. वाऱ्यानं तो खिशात घातला आणि निघून गेला. मला वाटलं, बाबा डोंगराशी बोलतायत. मी डोळे पुसले.

मग बाबा गायला लागले. भर घशानं. बाबा चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवतात.

"बाबा, हळू! पक्षी ऐका ना!"

"पक्षी रोजचेच आहेत," बाबा म्हणाले आणि त्यांनी दोन बोटं तोंडात घातली.

बाबांनी जन्मभर मेंढ्या राखल्या आहेत. त्यांची शीळ समोरच्या डोंगरावरच्या कुत्र्याला डावीकडे वळवते. ती शीळ खाडीभर फिरली. समोरच्या उतारावरच्या कुणाच्या तरी मेंढ्या उगाचच एका रांगेत चालायला लागल्या. आणि खालून धक्क्यावरून आमचा कुत्रा फर्गस बाणासारखा सुटला. आला तो जिभेऐवजी काहीतरी निळं लोंबकळवत.

"बाबा, हा आईचा गाऊन आहे."

"असेल."

"म्हणजे? फर्गस धक्क्यावर होता! गाऊन धक्क्यावर, मग आई कुठाय?"

"असेल कुठंतरी." बाबांचे कान लाल झाले होते. "आपण इथंच बसू थोडा वेळ. देखावा छान आहे."

तुम्हाला आमच्या आईचं माहीत नाही. माझं सगळं लहानपण समुद्रात गेलं आणि तिचं धक्क्यावर, टोपी घालून. बाबा दर उन्हाळ्यात म्हणायचे, "नोलीन, ये ना पाण्यात," आणि ती म्हणायची, "नको बाई, गार असतं, मला भीती वाटते." आमच्या घरात पोहता न येणारी तीच एक.

"सरका! मी चालवते!"

"ब्रायर, ऐक माझं, सावकाश…"

मी ऐकलं नाही. फर्गस बाबांच्या मांडीवर, गाऊन फर्गसच्या तोंडात, आणि आम्ही वळणामागून वळण घेत खाली. एक मान्य करायला हवं, गाडी अप्रतिम चालली. गवताचं पातंसुद्धा दचकलं नाही. सिमेंटच्या उतारावर ब्रेक दाबला आणि दार उघडून मी बुटांसकट पाण्याकडे धावले. "आई!"

पाण्यात दोन डोकी होती. एक हूइयामावशीचं, एक आईचं. दोघी मानेपर्यंत पाण्यात, निवांत, पाणकोंबड्यांसारख्या.

"थांब तिथंच!" आई किंचाळली. "पाठ फिरव! बेव्हन, तूसुद्धा!"

बाबा गाडीतच केव्हाच पाठ फिरवून डोंगराचं निरीक्षण करत होते.

"आई, तुला पोहता येतं?"

"नाही, मी तळावर खुर्ची टाकून बसलेय! तुम्ही आलात कधी? कुठून? आणि माझा गाऊन कुठाय?"

"फर्गसकडे!"

"फर्गसला राखण करायला ठेवला होता!" हूइयामावशी म्हणाली, आणि हसून हसून तिच्या नाकात पाणी गेलं.

"हसू नकोस हूइया! ब्रायर, ती गाडी बंद कर आधी."

"बंदच आहे!"

"मग ती माझ्याकडे का येतेय?"

मी वळून पाहिलं. गाडीवर ज्या बाईनं डॉक्टरेट मिळवली आहे ती बाई गाडी बंद करायला विसरली होती. आवाज नाही म्हणजे बंद, असं तिच्या पायांना वाटलं, आणि तिनं ब्रेकवरचा पाय काढून सरळ उडी मारली. आमची हिरवी गाडी, दिवे लावून, मांडीवर फर्गसला घेतलेल्या बाबांसकट, अगदी हळू, अगदी अदबीनं, उतारावरून समुद्रात शिरत होती.

"बाबा! हँडब्रेक!"

"मी पाठ फिरवलीय!" बाबा ओरडले. "तिनंच सांगितलंय!"

लाट बॉनेटला लागली, कुठंतरी खट् झालं आणि गाडी आईपासून हातभरावर थांबली. पाणी दारापर्यंत आलं. उन्हाचे कवडसे सगळ्या गाडीवर हलत होते. इतकं सुंदर दृश्य मी आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि मला त्याक्षणी पृथ्वीच्या पोटात जायचं होतं.

"बेव्हन," आई गार आवाजात म्हणाली, "तुझ्या मागचं कापडी टप काढ आणि इकडे दे. न बघता."

बाबांनी न बघता दिलं. आई ते गुंडाळून पाण्याबाहेर आली ती एखाद्या राणीसारखी. हूइयामावशीनं टॉवेल गुंडाळून ट्रॅक्टर सुरू केला आणि साखळीनं गाडी बाहेर ओढली. ओढताना तिनं भोंगाही वाजवला. तोच जुना, गायीचा. अख्ख्या खाडीला ऐकू गेला.

बाबा म्हणाले, "हा. असा हवा होता."

संध्याकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरात चहा घेत बसलो. गाडी गोड्या पाण्यानं धुऊन शेडमध्ये उभी होती. आईचे केस ओले होते. ती म्हणाली, "मुलं, कोकरं, फोन, पाहुणे. सगळा दिवस जो तो माझ्याकडे काहीतरी मागायला येतो. पाण्यात नुसतं डोकं वर असलं की कुणी काही मागत नाही. मला एक दुपार हवी होती. एवढंच."

"ठाऊक आहे," बाबा म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"गुरुवारचं. ब्रायर रांगत होती तेव्हापासून. एकदा मी लवकर आलो होतो. खिंडीतून दोन डोकी दिसली. तसाच मागे फिरलो."

आईचा कप हवेतच राहिला. "आणि दर गुरुवारी माझे केस ओले दिसायचे ते?"

"तू म्हणायचीस धुतले. मी म्हणायचो, छान झाले."

"मला वाटायचं तुझं लक्षच नसतं! आणि खिंडीत गाडी ती एवढी बोंबलायची…"

"मग काय आपोआप बोंबलायची? गिअर पाडून पाय दाबून धरायचो मी. तुला बाहेर येऊन किटली ठेवायला वेळ मिळावा म्हणून."

"मी समजायचे तुला नीट चालवता येत नाही."

"तू तसं सगळ्यांना सांगायचीसही."

आईनं बाबांच्या चहात साखर घातली, ढवळली, आणि विसरून परत घातली. बाबांनी तो चहा मुकाट्यानं प्यायला. मी खिडकीबाहेर बघत बसले. पाणी सोनेरी होऊन मग जांभळं झालं.

"म्हणजे आई," मी हळूच विचारलं, "बाबांना गुरुवारी घराबाहेर काढ म्हणालीस, ते…"

"पोहायला! नाहीतर काय, पृथ्वी गार करायला?"

बाबा उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काम तू झकास केलंस, पोरी. पण मी ती नाही चालवणार. आपल्याच घरी चोरासारखं यायचं, ते मला जमायचं नाही."

ते झोपायला गेले. आईनं एकदा शेडकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे, आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. एका हिवाळ्यात मी बाबांची गाडी, आईचा गुरुवार आणि त्या दोघांचं इतक्या वर्षांचं न बोललेलं बोलणं, सगळं शून्यावर आणलं होतं. माझ्या प्रबंधात यालाच 'यश' म्हटलंय.

सकाळी मी शेडमध्ये गेले. बटण दाबलं. दिवा लागला. ती सीलबंद पेटी तेवढी मी नीट केली होती. गाडी सुरू होती आणि ते कुणालाही कळत नव्हतं.

मी तिथंच बसून राहिले, आणि मग निर्णय घेतला. फाटकाजवळच्या कचऱ्याच्या पेटीपाशी गेले आणि त्यातले रिकामे डबे काढायला लागले. नव्या जोडप्याच्या गाडीमागं बांधतात ना, तसे. दोरीनं मागं बांधायचे, एरवी डिकीत ठेवायचे आणि खिंडीत आलं की रस्त्यावर सोडायचे.

आई ओट्यावरून बघत होती. बघता बघता बाहेर आली. तिनं माझ्या हातातला एक डबा घेतला, बोटानं वाजवून कानाशी धरला आणि फेकून दिला.

"हा फर्गसच्या जेवणाचा. बद्द वाजतो," ती म्हणाली. "पीचचे घे. आणि ब्रायर, एवढं जर्मनीला जाऊन शिकलीस, तर गाठी तरी नीट मार."

गाठी शेवटी बाबांनी मारल्या.