आमच्या बेटावर ढग

सुमनकाकू टोकियोत राहतात, पण छत्री घेतात ती इशिगाकी बेटावर पाऊस असला तर. आमच्या हिगाशी-कसाई वस्तीत लख्ख ऊन असतं आणि काकू छत्री उघडून भाजीला निघतात. "आमच्या बेटावर आज ओततंय गं!"

मोठ्या भूकंपानंतर आमच्या इमारतीतले निम्मे भारतीय गाशा गुंडाळून गेले. काकू नेमक्या तेव्हाच मुलाजवळ, मंदारजवळ, राहायला आल्या. धाकटी रेवा इशिगाकीला प्रवाळांचा अभ्यास करायला गेली आणि तिथल्याच एका कोळ्याशी लग्न करून मोकळी झाली. तेव्हापासून मायलेकींचा अबोला. "बोलत नाही मी तिच्याशी. हवामान तेवढं बघते." जावयाचा उल्लेख 'तो मासेवाला'.

काकूंना जपानी येत नाही. टीव्हीवरच्या नकाशात दक्षिणेची बेटं मावत नाहीत, म्हणून ती वर डाव्या कोपऱ्यात चौकट करून दाखवतात. काकूंनी ठरवलं, वर म्हणजे रशियाजवळ, बर्फात! दोन स्वेटर आणि कानटोपीचं पार्सल पोस्टात टाकायला माझ्याकडे आलं, तेव्हा मला उलगडा झाला. मी नकाशा उघडला. बेटं पार खाली, तैवानच्या शेजारी. पावसाळा मे महिन्यातच लागतो, जानेवारीतल्या रात्रीही पुण्यापेक्षा उबदार.

काकू जरा गोऱ्यामोऱ्या झाल्या. "मग कानटोपी काढ. स्वेटर राहू देत. वारा असेल."

इथे वादळं नंबरानं ओळखतात. बहुतेक त्या बेटांपाशी रेंगाळतात आणि मग वळतात. "चौदावं वळलं बाई," काकू जिन्यात सांगायच्या. गेल्या सप्टेंबरात एक वळेचना. चौकटीवरच ठाण मांडून बसलं. मंदार कामासाठी नागोयाला गेलेला. काकू माझ्या दारात आल्या.

"गौरी, रेवाला फोन लाव. मी बोलणार नाही हं."

फोन लागेना. काकू खुर्ची असून उभ्याच. दुपारी एकदाचा लागला, तो मी स्पीकरवर टाकला. वीज गेली होती, छप्पर शाबूत होतं.

"विचार, जेवली का."

"जेवले, आई," रेवानं थेट उत्तर दिलं.

काकू फोनऐवजी माझ्याकडे वळल्या. मग मी बहिरी असल्यासारखा आवाज चढवून म्हणाल्या, "विचार तिला, जावईबापू समुद्रावर तर नाहीत ना?"

पलीकडून एक पुरुषी आवाज अडखळत मराठीत म्हणाला, "घरी आहे, आई."

काकूंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.