सव्वापट वजनाचा मेसेज

लेकीनं आणलेला फोन तपासनीसांनी हातात घेतला, पण कानाला लावला नाही. आधी तळहातावर तोलला, मग उलटा करून त्याची पाठ पाहिली, आणि मग प्रत्येक बटण दाबून ते किती खाली जातं नि किती तत्परतेनं वर येतं हे बघत बसले. नोकरीभर त्यांनी लिफ्ट तपासल्या होत्या. निवृत्त झाल्यावरही इमारतीतले लोक त्यांना तपासनीसच म्हणत, आणि त्यात चूक काहीच नव्हती. नवीन कुकर आणला तरी पहिले काही दिवस तो त्यांच्याकडे तपासणीत असे, स्वयंपाकात नसे.

"बाबा, हा खास मेसेजसाठी बनवलेला फोन आहे," लेक सांगत होती. "खरी बटणं आहेत, काचेवर बोटं घासत बसायला नको. मेसेज आला की वर हा दिवा लागतो. लिहून झालं की बाजूची ही निळी कळ दाबायची, की गेला. तयार उत्तरं आहेत. वेळ लावून ठेवली तर मेसेज आपोआप जातो. आणखी काय पाहिजे?"

"हे सगळं चालतं कशावरून?"

"कंपनी म्हणते."

"लिफ्टच्या कंपन्याही म्हणायच्या."

लेकीनं एक लांब श्वास घेतला. तिचंही चुकत नव्हतं. तपासनीसांचा आधीचा फोन कायम ड्रॉवरमध्ये मरून पडलेला असायचा. तो लागत नाही म्हणून ती ऑफिस सोडून धावत आली होती, एकदा नव्हे दोनदा, आणि दोन्ही वेळेला वडील गॅलरीत वेताच्या खुर्चीवर पुस्तक वाचताना सापडले होते. आता तिनं ठरवलं होतं. रविवारपर्यंत बाबांनी सकाळ-संध्याकाळ न आठवण करता मेसेज पाठवायचा, तिच्या मेसेजला उत्तर द्यायचं. जमलं तर राहा इथं एकटे. नाही जमलं तर तिच्या घरातली मागची खोली. तिनं धमकी दिली नाही. धमकी असती तर तपासनीसांना बरं वाटलं असतं. खोलीला नवे पडदे लावले आहेत, एवढंच तिनं जाता जाता सांगितलं.

लेकीच्या घरी वाईट काही नव्हतं. तीच पंचाईत होती. सगळी भली माणसं. तपासनीस पुस्तक घेऊन बसले की थोड्या थोड्या वेळानं कुणीतरी दारातून डोकावून काही हवंय का विचारायचं. जावईबापू तर त्यांच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून दिवा लावायचे आणि कंटाळा यायला नको म्हणून शेजारी बसून राहायचे. इथं मात्र गॅलरी होती, खुर्ची होती, आणि अशी एक शांतता होती, की जिची चौकशी करायला कुणी येत नसे. ती सोडायची नाही, असा तपासनीसांनी निश्चय केला. फोन शिकायचा. आणि शिकण्याआधी, अर्थातच, तपासायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. बटणं लहान होती, पण प्रामाणिक होती. दाबल्याचं बोटाला कळत होतं. दिवा खोलीत चांगला दिसत होता, उन्हात मात्र त्यावर हाताची सावली धरावी लागत होती. तयार उत्तरं तपासनीसांना मुळीच पसंत पडली नाहीत. 'नक्की', 'छान', 'वाटेत आहे'. माणूस घरात बसलेला असताना 'वाटेत आहे' असं आधीपासून लिहून ठेवणारं यंत्र त्यांना संशयास्पद वाटलं.

राहता राहिली मुख्य गोष्ट, मेसेज पाठवण्याची. खाली चष्म्याचं दुकान होतं. तिथला चष्मेवाला या बाबतीत जाणकार मानला जाई. त्याचं म्हणणं पडलं, की कुणालाही 'हॅलो, टेस्टिंग' असं लिहून पाठवावं आणि मोकळं व्हावं.

"रिकामी लिफ्ट कुणीही वर नेऊन दाखवील," तपासनीस म्हणाले.

हे त्यांचं जुनं म्हणणं होतं. लिफ्ट तपासायची तर तिच्यात लोखंडी वजनं भरायची, आणि तीही सव्वापट. मगच दोर, ब्रेक, सगळ्यांची खरी ओळख पटते. मेसेजचंही तसंच असलं पाहिजे. 'हॅलो, टेस्टिंग' यात वजन कसलं? ज्या मेसेजनं वाचणाऱ्याच्या छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं होईल, असाच मेसेज पाठवून पाहिला पाहिजे. शिवाय तपासणीची आगाऊ सूचना द्यायची नाही, हाही नियम होता. सूचना दिली की सगळेच नीट वागतात.

लेकीला असला मेसेज पाठवणं शक्य नव्हतं. मग धाकटा भाऊ आठवला. भाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत एकटाच राहायचा. तो जन्मभर लिलाव पुकारायचं काम करत आला होता, आणि त्या सवयीनं कुठलीही गोष्ट मोठ्या आवाजात तीन वेळा म्हणायचा. जेवताना मीठसुद्धा तीन वेळा मागायचा. दोघा भावांत वितुष्ट असं नव्हतं. तपासनीसांना फक्त त्याच्यापासून थोडं अंतर बरं वाटायचं, आणि ते हळूहळू वाढत गेलं होतं.

तपासनीसांनी बटणं दाबत सावकाश लिहिलं : 'एकट्यानं आता राहवत नाही. तुझी फार आठवण येते. इकडे ये.' वाचून पाहिलं. वजन किंचित कमी वाटलं. मग शेवटी 'कायमचा ये' असं जोडलं. आता बरोबर सव्वापट झालं. त्यांनी निळी कळ दाबली. मेसेज गेल्याची खूण आली, पोचल्याची आली, आणि थोड्याच वेळात वाचल्याचीही आली. दोर तुटला नव्हता.

तपासनीस बेजबाबदार नव्हते. रद्द करणारा मेसेज त्यांनी लगेच लिहायला घेतला : 'मघाचा मेसेज केवळ तपासणीसाठी होता. येण्याची गरज नाही. गैरसमज नसावा.' पण तो नुसताच पाठवून वाया का घालवायचा? वेळ लावून पाठवायची सोय अजून तपासायची राहिली होती. त्यांनी पाव तासानंतरची वेळ लावली आणि फोन समाधानानं टेबलावर ठेवला.

आता पाव तास रिकामा होता. रिकाम्या वेळात त्यांचा हात सवयीनं पुढच्या तपासणीकडे गेला. मेन स्विच. लिफ्ट अर्ध्या वाटेत असताना ते नेहमी मेन स्विच काढत आणि ती जागच्या जागी थांबते की कोसळते ते पाहत. त्या धर्तीवर, फोन तासभर बंद ठेवायचा आणि मधल्या काळात आलेले मेसेज नंतर मिळतात की हरवतात, हे पाहायचं. त्यांनी फोन बंद केला आणि पुस्तक उघडलं. तासात पाव तासही येऊन जातो हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. पण एक तपासणी दुसरीत मिसळायची नाही ही त्यांची शिस्त होती, आणि त्यांनी ती मिसळली नाही.

तिकडे भावानं मेसेज वाचला, त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं दादाला फोन लावला. बंद. मग त्यानं पुतणीला लावला आणि दादानं काय लिहिलंय ते तिला तीन वेळा सांगितलं. लेकीनं वडिलांना लावला. बंद. मग तिनं चष्मेवाल्याला फोनवर गाठलं.

चष्मेवाला एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चाचणीची फ्रेम तशीच सोडून जिन्यानं धावत वर आला. दार उघडंच होतं. तपासनीस गॅलरीत वाचत होते.

"साहेब, बरे आहात ना?"

"बरा आहे. का?"

"तुमची लेक रडतीय तिकडे. फोन बंद का तुमचा?"

"मीच केलाय. तासाभरानं चालू होईल."

"अहो, आत्ता करा. दोन शब्द बोला तिच्याशी."

"आत्ता केला तर तपासणी फुकट जाईल," तपासनीस म्हणाले. "तुम्ही तिला कळवा, मी बरा आहे म्हणून."

"कशावरनं कळवू? माझा फोन राहिला खाली दुकानात. तुमचा द्या."

"तो बंद आहे."

चष्मेवाला खाली गेला आणि त्यानं लेकीला, जे दिसलं ते प्रामाणिकपणे कळवलं. साहेब खुर्चीत शांत बसलेत, पण फोन चालू करायला तयार नाहीत, आणि कुणाशी बोलायचं नाही म्हणतात. हे ऐकल्यावर लेक रिक्षातच बसली.

तास पुरा झाल्यावर तपासनीसांनी फोन चालू केला. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला, आणि मेसेजची रीघ लागली. ते खुर्चीत पुढे सरसावून बसले. 'बाबा, फोन उचला.' 'बाबा, काय झालं?' 'बाबा, मी निघाले.' मध्ये मध्ये भावाचे : 'येतो दादा. येतो. येतोच.' 'टेम्पो मिळाला.' एकही मेसेज वाटेत पडला नव्हता. बंद काळातली कामगिरी उत्तम, असा त्यांचा अभिप्राय झाला. मेसेजमध्ये काय आहे हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, आणि ध्यानात आल्यावर मात्र ते खुर्चीतून उठलेच.

तेवढ्यात पडद्यावर सूचना आली. वेळ लावलेला मेसेज वेळ टळल्यामुळे गेलेला नाही, आता पाठवायचा का? तपासनीसांनी घाईघाईनं निळी कळ दाबली. मेसेज गेला. पण समोर लेकीच्या मेसेजांचं पान उघडं होतं, आणि फोननं तो तिलाच पाठवला. कळ कुठली दाबली यावर नव्हे, तर लिफ्ट कुठं उभी आहे यावर ती कुठं जाणार हे ठरत असेल, तर अशी लिफ्ट तपासनीसांनी कधीच पास केली नसती.

दाराबाहेर टुण्ण असा आवाज झाला. मग लेक आत आली. ती फोनकडे बघतच आली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही मला तपासत होतात?"

त्यांनी सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. वजन, सव्वापट, मेन स्विच. तिनं मध्ये अडवलं नाही. ऐकून घेतलं, आत गेली, कपाटावरची मोठी बॅग काढून पलंगावर ठेवली आणि त्यांचे सदरे घड्या करून तिच्यात भरायला लागली.

"रविवार व्हायचाय अजून," तपासनीस म्हणाले.

"नाही, बाबा. माझा रविवार झाला."

त्यांनी बॅगेतला एक सदरा काढून पुन्हा खुंटीला लावला. तिनं तो परत काढला. तो सदरा असा काही वेळ ये-जा करत असताना बाहेर लिफ्टचं दार उघडलं आणि भाऊ अवतरला. मागून टेम्पोवाला एक कपाट ढकलत होता. लिफ्ट तपासनीसांनीच पास केलेली असल्यानं कपाट बिनबोभाट वर आलं होतं. मग वळकटी आली, मग लिलावात कुणी न घेतलेली, आणि म्हणून भावानंच घेतलेली टोल्यांची घड्याळं आली, एका चादरीत गुंडाळून.

"आलो दादा. मी आलो. आलो बघ," भाऊ म्हणाला. "खोली सोडली. किल्ली दिली मालकाला. दिली किल्ली."

"सोडली?" तपासनीसांना एवढंच म्हणता आलं.

भावानं वळकटी खाली ठेवली. मग तो हळू आवाजात बोलला, आणि एकदाच बोलला. "तू कधी बोलवायचा नाहीस. मला वाटायचं, माझ्या आवाजाचा तुला त्रास होतो. मीही मग यायचो नाही. आज तुझा मेसेज वाचला आणि वाटलं, चला, कुणाला तरी पाहिजे आहोत आपण."

लेकीनं पलंगावर टाकलेला फोन उचलला. ती काकाकडे पाहून म्हणाली, "काका, एक मिनिट. बाबा, हा जो मला मेसेज आलाय, तपासणीसाठी होता, येण्याची गरज नाही, हा नक्की कुणाला होता?"

तपासनीसांनी एवढ्या वर्षांत खोट्या दाखल्यावर सही केली नव्हती. त्यासाठी बढती गेली, बदली झाली, तरी केली नव्हती. त्यांनी एकदा कपाटाकडे पाहिलं, एकदा भावाकडे.

"तुलाच होता," ते म्हणाले. "काका येणार म्हटल्यावर तुला कशाला धावपळ? म्हणून लिहिलं, येण्याची गरज नाही."

"आणि तपासणी?"

"ती फोनची. चालतो तो."

लेक बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं फोन पर्समध्ये टाकला, सदरे बाहेर काढले, आणि रिकामी बॅग पुन्हा कपाटावर चढवली.

"चला," ती म्हणाली, "आता एकटे नाही तुम्ही. माझी काळजी मिटली."

तपासनीसांचं घर वाचलं. रविवारी सकाळी ते नेहमीसारखे गॅलरीत बसले. घरातली घड्याळं टोले देत होती, आणि वेळेबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं होतं. भावानं सगळं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून संपवलं होतं, हवामानासकट. तपासनीसांच्या पुस्तकाचं पान तेवढ्या वेळात उलटलं नव्हतं. त्यांनी फोन उचलला, कुणाचं पान उघडं आहे ते नीट पाहिलं, आणि निर्धारानं लिहिलं : 'सकाळचा मेसेज. तब्येत बरी. मागची खोली अजून रिकामी आहे का?'

दिवा लगेच लागला. लेकीनं लिहिलं होतं : 'बाबा, ही तपासणी आहे की खरंच विचारताय?'

तपासनीस विचारात पडले. आत भाऊ दोन कपांत चहा गाळत होता आणि जुन्या खोलीच्या मालकाला फोनवर सांगत होता, "दादानं बोलावलं मला. स्वतःहून बोलावलं. लिहून बोलावलं."

'तपासणी,' असं तपासनीसांनी लिहिलं. जरा वेळ अंगठा तसाच ठेवला, मग निळी कळ दाबली, आणि पुस्तक मिटून ते चहाला आत गेले.