सारखं म्हणजे सारखं

कुमुदकाकू सकाळी ब्रोटशन, म्हणजे इथले छोटे पाव, आणायला निघाल्या की अख्ख्या जिन्याला एकविसाचा पाढा ऐकू येतो. तिथून ओळीने पुढचे पाढे म्हणत जायचं, आणि बेकरीच्या दारात पाय ठेवताना एकोणतीस दाहे दोनशे नव्वद व्हायला हवेत. पाढा आधीच संपत आला तर काकू पाय उचलतात, आणि बेकरी आधी आली तर बाहेरच्या दिव्याच्या खांबाला शांतपणे चकरा मारत उरलेला पाढा संपवतात. उशिरा पोचण्यावरून मी लहानपणापासून बोलणी खात आलेय. पण लवकर पोचणं हाही गुन्हा असतो, हे मला ब्राउनश्वाइगमध्ये काकूंच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आल्यावर कळलं.

रस्त्यात भेटल्या तर थांबत नाहीत. "बोल, पण चालत बोल," म्हणतात. एकदा मी त्यांना व्हिसाच्या ऑफिसातलं माझं रडगाणं सांगत होते. ऐन रंगात आले होते, तेवढ्यात त्यांचं दार आलं आणि त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कोपऱ्यावर मला गाठून म्हणाल्या, "आल्झो, मग ती बाई काय म्हणाली?" आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

"सारखं म्हणजे सारखं" हे त्यांचं आवडतं वाक्य. त्याच्या मागे एक "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, ठोकला की विषय संपला. पोळ्या लाटून झाल्या की एकावर एक ठेवून बघतात. एखादीचा काठ बाहेर आला तर ती नापास, आणि नापास पोळ्या वरच्या मजल्यावर, म्हणजे माझ्याकडे येतात. भाडेकरू असण्याचा मला तरी एवढा एकच फायदा दिसलाय. काकू मन लावून सगळ्या सारख्या लाटतात तेव्हा मी उपाशी.

काकू मूळच्या मिरजेच्या. गणित शिकायला इथे आल्या, डीटरकाकांच्या प्रेमात पडल्या आणि निवृत्त होईपर्यंत जर्मन पोरांना गणित शिकवत राहिल्या. डीटरकाका म्हणजे दाराच्या चौकटीत मावणार नाही असा माणूस, आणि स्वभावाने गरीब गाय. काकू त्यांना पहिल्या दिवसापासून "अहो" म्हणत आल्या. त्यामुळे काकांच्या मोटार क्लबातल्या मंडळींची अशी समजूत झाली की हे त्यांचं लाडकं नाव. अजूनही तिथले म्हातारे काकांच्या पाठीवर थाप मारून "मॉर्गन, आहो!" म्हणतात, मॉर्गन म्हणजे सुप्रभात. काकूंनी कधी कोणाला सुधारलं नाही.

आता क्लबाचा विषय निघालाच आहे तर गाडीचं सांगते. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा या लोकांकडे धड खायला नव्हतं, पण मोटारींच्या शर्यती मात्र लागलीच सुरू झाल्या होत्या. काकांच्या वडिलांनी भंगारातले पाइप जोडून, मागे मोटारसायकलचं इंजिन बसवून एक शर्यतीची गाडी बनवली. एकाच माणसाची. दुधी भोपळ्याला चार चाकं लावा आणि वरून एक डोकं बाहेर काढा, झाली ती गाडी. तिच्यातून ते शेजारच्या गावात शर्यतीला जायचे. साध्या रस्त्यांवरची शर्यत, चर्चला वळसा घालून, कडेला पेंढ्याचे गठ्ठे रचून. आजही वर्षातून एकदा त्याच गावात, त्याच रस्त्यांवर, त्या पिढीतल्या उरल्यासुरल्या गाड्या पुन्हा धावतात.

धावतात म्हणजे काय, तर फक्त दोन फेऱ्या. आणि जिंकतो कोण? सगळ्यात जोरात जाणारा नाही. ज्याच्या दोन्ही फेऱ्यांना अगदी सारखा वेळ लागेल तो. म्हाताऱ्या गाड्या मोडू नयेत म्हणून हा नियम. शर्यत लावायची आणि वर जोरात जाऊ नका म्हणायचं, ही गोष्ट जर्मनांनाच सुचावी. सुरुवातीला सगळ्यांची घड्याळं काढून एका टोपलीत जमा करतात. मग कोणी गाणं गुणगुणत वेळ मोजतो, कोणी झाडं मोजतो. आमच्या काकू हेल्मेटच्या आत पाढे म्हणतात. क्लबाच्या अध्यक्षांनी गावच्या पेपरवाल्याला सांगितलं की फ्राऊ हार्टमान, म्हणजे आमच्या काकू, गाडी चालवताना प्राचीन भारतीय मंत्र म्हणतात. मी काकूंना म्हटलं, अहो, खरं सांगा ना त्यांना. तर म्हणाल्या, "असू दे. एकोणतिसाचा पाढा कुठल्याही मंत्रापेक्षा अवघड आहे."

पूर्वी ही गाडी काका चालवायचे आणि काकू पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसून चहाचा थर्मास सांभाळायच्या. मग काकांना विसरायला व्हायला लागलं. आधी किल्ल्या, मग नावं, मग माणसं. शेवटी डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली, तेव्हा सत्तरी गाठलेल्या काकू त्या भोपळ्यात शिरल्या आणि काका गठ्ठ्यावर बसले. काकू ओळीने दोनदा जिंकल्या. बक्षिसाच्या दोन्ही कपांत आता कोथिंबीर लावलीय.

मला वाटायचं, बाईला कपांची चटक लागलीय. बेकरीचा तो रोजचा खेळ म्हणजे शर्यतीचा सराव, अशी माझी खात्री होती, आणि मी मैत्रिणींना फोनवर हे सगळं रंगवून सांगून हशा मिळवत असे.

यंदा शर्यतीच्या आदल्या दिवशी काकू वर आल्या. हातात बेसनाचे लाडू, तेही न मोजता आणलेले. मी तिथेच ओळखलं की काहीतरी बिनसलंय. दरवर्षी काकांजवळ बसणाऱ्या शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी बसेन का, असं विचारत होत्या. मी लाडू तोंडात टाकत म्हटलं, बसेन की, तुमचा तिसरा कप चुकायला नको.

"कप गेला खड्ड्यात," काकू म्हणाल्या. त्यांच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग त्यांनी बसून सगळं सांगितलं. काकांना वार कळत नाही, महिना कळत नाही, पण काकू बाहेर गेल्या की परत कधी यायच्या हे त्यांच्या अंगालाच कळतं. रोजच्या वेळेला आल्या तर ते खिडकीत हसत उभे असतात. जरा उशीर झाला की कोट चढवून शोधायला निघतात. एकदा तर ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर सापडले, पायात घरातल्या सपाता. म्हणून बेकरी, भाजी, औषधं, सगळ्या खेपा सारख्या. लवकर येऊनही चालत नाही. एखाद्या दिवशी लवकर आल्या की दुसऱ्या दिवशी नेहमीची वेळसुद्धा काकांना उशीर वाटते.

मी विचारलं, मग शर्यतीत भाग घेताच कशाला?

"त्या इंजिनाचा आवाज ऐकला की त्यांचा चेहरा बघ तू," काकू म्हणाल्या. "वर्षातून तेवढ्याच वेळी ते पहिल्यासारखे दिसतात गं. फक्त दुसऱ्या फेरीला मी वेळेत दिसले पाहिजे."

फोनवरचे माझे सगळे विनोद मला एकदम आठवले.

शर्यतीच्या दिवशी मी चक्क वेळेच्या आधी पोचले. काका गठ्ठ्यावर ऐसपैस बसले होते, मी शेजारी थर्मास धरून. काकू पांढऱ्या हेल्मेटमध्ये, तोंड आधीच पुटपुटायला लागलेलं. झेंडा पडला, इंजिनं फटफटली, आणि काकांचा चेहरा खरंच असा उजळला की मी शर्यत सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले. मान हलवत ते प्रत्येक गिअर ओळखत होते. पहिली फेरी झाली, काकू समोरून गेल्या, काकांनी हात हलवला. सगळं छान चाललं होतं.

दुसऱ्या फेरीत चर्चच्या पलीकडे कोणाची तरी गाडी बंद पडून रस्त्यात आडवी झाली. धोक्याचे पिवळे झेंडे दिसायला लागले. मागच्या सगळ्या गाड्या खोळंबल्या, काकूंचीही. मी काकांना म्हटलं, येतीलच एवढ्यात. चहा ओतला. काकांनी कप हातात घेतला, तसाच खाली ठेवला आणि उभे राहिले. कोटाची बटणं लावली. त्यांना अडवायचं म्हणजे म्हशीला हाताने अडवण्यासारखं. मी त्यांच्या बाहीला धरून लोंबकळत होते आणि ते पेंढ्याच्या कडेकडेने चर्चच्या दिशेने चालले होते. वाटेत भेटेल त्याला नम्रपणे विचारत होते, माझी बायको दिसली का, एव्हाना यायला हवी होती.

चर्चच्या वळणापाशी पोचलो, तोच पलीकडून काकूंची गाडी आली. त्यांनी आम्हाला पाहिलं. झेंडेवाला ओरडत होता की थांबू नका, थांबलात तर बाद व्हाल. काकूंनी इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं आणि त्या कशाबशा बाहेर आल्या.

"अहो, मी आले," त्या म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं अदबीने पाहिलं. मग त्यांची नजर गाडीकडे गेली. कोणाला काही न विचारता ते पाय टाकून आत बसले आणि त्यांनी स्टिअरिंग धरलं. इंजिन काही सुरू होऊ दिलं नाही आम्ही. काकूंनी एक हात काकांच्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्याने गाडीला धक्का द्यायला सुरुवात केली. मी मागून, झेंडेवाला मागून, नंतर क्लबाचे दोन म्हातारेही आले. बायकोचा चेहरा विसरलेल्या त्या माणसाने चर्चचं वळण इतकं अचूक घेतलं की झेंडेवाला बघतच राहिला. काकूंचे ओठ मात्र हलत नव्हते. एवढी वर्षं बघतेय, त्यांना पाढ्याशिवाय चालताना मी तेव्हाच पाहिलं.

शेवटची रेघ ओलांडली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते आणि मी बोकांडी काही बसल्यासारखी धापा टाकत होते. काकू घामाने निथळत होत्या. काकांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि परक्या बाईला विचारावं तसं, जर्मनमधलं आदराचं तुम्ही वापरून विचारलं, "तुम्हाला फार वेळ थांबावं लागलं का?"

"नाही हो," काकू मराठीत म्हणाल्या. "आत्ताच आले."

त्यांनी काकूंना ओळखलं की नाही, मला नाही सांगता येणार. पण ते हसले, आणि त्या एका माणसाच्या गाडीत, होतं नव्हतं तेवढं अंग चोरून, काकूंना बसायला जागा करायला लागले.