वर गेलेल्या गोळीची माहिती

आकाशात झाडलेली गोळी आकाशातच राहते, या श्रद्धेवर सुसंस्कृत समाज उभा असतो. पदार्थविज्ञानाचं म्हणणं वेगळं आहे. पण पदार्थविज्ञानाला पोलीस ठाण्यात बसायला कुणी खुर्ची देत नाही, आणि दक्षिण सर्बियातल्या व्रेलिना गावात तर त्याला लग्नाचं आमंत्रणसुद्धा जात नाही.

व्रेलिनात लग्न म्हणजे सफरचंद. मुलीच्या दारात उंच काठीच्या टोकाला सफरचंद टांगायचं, वराकडच्यांनी ते गोळीने पाडायचं, आणि मगच नवरी बाहेर यायची. प्रथा जुनी आणि देखणी आहे. (सफरचंद न पडल्यामुळे लग्न मोडल्याचं ऐकिवात नाही. एका नवरदेवाने कंटाळून काठीच उपटली. त्याचा संसार उत्तम चालला आहे.) सफरचंद पडल्यावर उरलेल्या गोळ्या घरी परत न्यायच्या म्हणजे यजमानांचा अपमान, म्हणून त्या आभाळाला अर्पण करतात. विनापरवाना बंदूक बाळगणं गुन्हा आहे. भरवस्तीत ती झाडणं हाही गुन्हा आहे. गाव या दोन्हीकडे कानाडोळा करतं. नेम चुकलेल्याला मात्र जन्मभर माफी नाही.

गेल्या जुलैत अशीच एक शिल्लक गोळी विदोसावाबाईंच्या पडवीचा पत्रा फोडून आत आली. बाई गावच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची चार वर्षांची नात नेवेना सुट्टीला ऑस्ट्रियातल्या ग्राझहून आईबरोबर आलेली होती आणि पडवीत बसून आजीने केलेली जर्दाळूच्या मुरंब्याची धिरडी खात होती. मांजराचं पिल्लू दिसलं म्हणून ती खुर्चीवरून उतरली, आणि गोळी तिच्या बशीत पडली. धिरडं वाया गेलं म्हणून नेवेनाने भोकाड पसरलं. बाईंनी गोळी उचलून कपाटात ठेवली.

बाईंची मुलगी तियाना, म्हणजे नेवेनाची आई, दुसऱ्याच दिवशी पोरीला घेऊन परत निघाली. जाताना तिने आवाज चढवला नाही, हे जास्त वाईट झालं.

"आई, गोळ्या झाडणाऱ्यांवर कारवाई होते असं पोलिसांनी लेखी दिलं, तर पुढच्या उन्हाळ्यात येऊ. नाहीतर नात फोनवर बघ."

मग बाईंनी माहिती अधिकाराच्या कायद्याखाली ठाण्यात अर्ज केला. प्रश्न तीनच: वर्षभरात हवेत गोळीबाराच्या घटना किती, जप्ती किती, दंड किती. ठाण्याने तत्परतेने विचारणा केली की, 'हवेत' म्हणजे जमिनीपासून किमान किती उंचीवर, हे अर्जदाराने स्पष्ट करावं. बाईंनी लिहिलं, सफरचंदापासून वर. त्यानंतर हिवाळा आला, बर्फ पडलं, वितळलं, आणि उत्तर मिळालं. घटना शून्य, जप्ती शून्य, दंड शून्य. खाली टीप होती: 'तिन्ही आकड्यांत पूर्ण मेळ आहे. सदर काळात आवाजाने बुजून पळालेल्या गाई: सात (विषय पशुसंवर्धन विभागाकडे वर्ग).'

बाईंनी आयुष्यभर शून्य शिकवलं, पण इतकं भरीव शून्य त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यामागचं तर्कशास्त्र मात्र निर्दोष आहे, हे कुणीही मान्य करील. घटनेची नोंद तक्रारीवरून होते. तक्रारीत झाडणाऱ्याचं नाव लागतं. नाव सांगायला माणूस लग्नात हजर असावा लागतो. हजर असतो तो आमंत्रित असतो, आणि यजमानांची कोकराची तंगडी खाऊन त्यांच्याविरुद्ध जबाब देईल तो पाहुणा कसला? आमंत्रण नसताना जो हजर होता, तो तर घुसखोर. त्याचा जबाब आधी त्याच्याच विरुद्ध घ्यावा लागतो.

बाईंनी गोळी रुमालात बांधली आणि थेट ठाणं गाठलं. ठाणेदार रादिसाव त्यांचाच विद्यार्थी. तो उठून उभा राहिला.

"बसा बाई. कॉफी सांगतो."

"कॉफी नको. ही घे. आता तरी शून्य लिहू नकोस."

रादिसावने गोळी खिडकीपाशी नेऊन निरखली आणि त्याचा चेहरा जरा हळवा झाला. (जुलैतलं ते लग्न शेजारच्या ग्वोझ्देनच्या मुलाचं. त्यात रादिसाव कूम होता, म्हणजे नवरदेवाचा मानाचा साक्षीदार. पहिला बार काढायचा मान कूमचा. शेवटचाही.)

"बाई, ही तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"जुलैपासून. पडली तेव्हापासून."

"आणि परवाना?"

"कसला परवाना?"

"दारूगोळा जवळ बाळगायचा." त्याने मान खाली घातली. "जुलै ते मार्च म्हणजे बराच काळ झाला, बाई."

"अरे मेल्या, माझ्या नातीच्या बशीत पडली ती."

"माहीत आहे. म्हणून तर कमीत कमी दंड लावतोय."

झाडून झालेली गोळी दारूगोळ्यात मोडते का, असं बाईंनी विचारलं. तो प्रश्न स्वतंत्र अर्जाने विचारावा, असं त्यांना नम्रपणे सांगण्यात आलं.

आठवडाभरात सुधारित माहिती आली आणि ठाण्याच्या दारावरही लागली. घटना शून्य. जप्ती एक. दंड एक. 'गतवर्षी शून्य असल्याने कारवाईतील वाढ टक्केवारीत मांडता येत नाही, इतकी ती मोठी आहे.' दंड झालेल्या इसमाचं नाव त्याच्या खासगीपणाच्या रक्षणासाठी काळ्या शाईने झाकलं होतं. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने 'व्रेलिनात कायद्याचा बडगा' अशी बातमी दिली, आणि ग्वोझ्देनने कुंपणावरून बाईंचं अभिनंदन केलं. एक शहाणी बाई मागे लागली की यंत्रणा कशी हलते बघा, असं तो मनापासून म्हणाला.

संध्याकाळी तियानाचा फोन आला. तिने बातमी वाचली होती.

"आई, जिंकलीस की गं. पकडला म्हणे एकाला. कोण होता तो मेला?"

बाई सांगणारच होत्या. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात फोन नेवेनाने ओढून घेतला आणि धिरडी करशील ना, पिल्लू मोठं झालं का, असं एका दमात विचारलं. गेल्या उन्हाळ्यापासून बाईंना त्या आवाजाची इतकी भूक लागली होती की सांगायचं होतं ते मागेच राहिलं.

"करीन हो, राणी," त्या म्हणाल्या. "या तुम्ही."

आता उन्हाळा लागलाय, आणि येत्या शनिवारी त्या दोघी यायच्या आहेत. त्याच दिवशी ग्वोझ्देनच्या पुतण्याचं लग्न आहे, आणि कूम पुन्हा रादिसावच. बाईंनी जेवणाचं टेबल दगडी तळघरात हलवलंय. तिथे गारवा बरा असतो, असं त्या विचारणाऱ्याला सांगतात. रात्री त्यांना झोप लागत नाही.

बाईंनी लेकीपासून खरं लपवलं याचा तुम्हाला राग आला असेल. यायलाच हवा. तियानाला कुणीतरी खरं कळवायला पाहिजे, आणि तुमच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. गोळी कुणाची होती आणि दंड कुणाला झाला हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्ही तिथे कुणाची कोकराची तंगडीही खाल्लेली नाही. शनिवारला अजून अवकाश आहे. करा फोन. काय म्हणता, दुसऱ्यांच्या घरातल्या भानगडीत आपण कशाला पडायचं? मग व्रेलिनाच्या ठाण्यात एक जागा रिकामी आहे. अर्ज करायचीही गरज नाही; गणवेश तुमच्याच मापाचा आहे.