जमीन हलली की आक्का?

महानंदाआक्का चपात्या लाटता लाटता मध्येच थांबत, लाटणं तसंच हवेत धरत आणि मला विचारत, "मॅडम, हाललं का?"

"नाही आक्का."

"मग माझंच हाललं," म्हणत आणि पुढची चपाती लाटायला घेत.

भूकंपानंतर वर्षभर लातुरात हा प्रश्न जो तो एकमेकांना विचारत होता म्हणे. गल्लीतून ट्रक गेला तरी माणसं उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहायची. हळूहळू लोक विसरले, पत्र्याच्या शेडमधून पुन्हा स्लॅबखाली झोपायला गेले. पुढं शहरात क्लासेस वाढले, गावोगावची पोरं शिकायला आली आणि एकट्या राहणाऱ्या आक्कांनी आपल्या घरात मुलींची मेस काढली. मी एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला आले तेव्हा त्यांच्याच वरच्या खोलीत भाड्यानं राहिले. तोवर अख्ख्या शहरात भूकंप फक्त आक्कांच्या स्वयंपाकघरात शिल्लक होता.

त्यांनी फळीवर काचेचा एक ग्लास ठेवला होता. काठोकाठ पाणी, नीट दिसावं म्हणून त्यात चिमूटभर हळद. गरगरलं की आधी ग्लासाकडं बघायचं. पाणी हललं तर जमीन, नाही हललं तर आपण. पाणी कधीच हलत नसे. पण एकदा फळीशी बसलेल्या मांजरानं शेपटी हलवली, पाणी डचमळलं आणि आक्कांनी भरल्या ताटांवरून सगळ्या पोरींना गल्लीत काढलं. वरणाच्या वाट्या हातात घेऊन आम्ही ओळीनं उभ्या. समोरचे किराणावाले शिवाप्पा गल्ल्यावरून म्हणाले, "आक्का, काय न्हाई झालं. या आत."

"तुमी बसा आत," आक्का म्हणाल्या. "स्लॅब डोक्यावर घेऊन बसा."

आक्कांनी डॉक्टर काही कमी केले नव्हते. एकानं रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, एकानं कानात थेंब घातले, एकानं गळ्याला पट्टा बांधला. तो पट्टा घालून त्या वाढायला आल्या की त्यांना ताटात बघता येत नसे, त्यामुळं जिला नको तिला भात आणि जिला भात हवा तिला लोणचं. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं की बाईच्या मनात भूकंपाची भीती बसली आहे.

हे मात्र आक्कांना लागायचं. "भीती मनात बसली तर मनात बसंल," त्या म्हणत. "पायातलं बळ कशाला जातंय? डोकं हलकं होऊन कापसावानी उडायलंय, आन् हे म्हनतेत भीती."

दिवाळीला पोरी घरी गेल्या की मेस बंद. त्या दिवसांत आक्का एकदम ठणठणीत असत. जिना चढून वर येत, गप्पा मारत. पोरी परत आल्या की आठवड्याभरात पुन्हा गरगर. यावरून आक्कांनी स्वतःचा निष्कर्ष काढला. "पोरी आल्या की जमीन हालतीय. वजनानं." त्यांनी वरच्या मजल्यावर दोरीच्या उड्या बंद केल्या. जिन्यावरून एकेकीनं उतरायचा नियम झाला. क्लासला उशीर व्हायला लागला तेव्हा मीच त्यांना नांदेडच्या एका डॉक्टरबाईंकडं घेऊन गेले.

डॉक्टरबाईंनी वजनाची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग विचारलं, "पोरी नसताना तुम्ही काय जेवता?"

"भाकरी. ज्वारीची."

"आणि असताना?"

"जेवायला बसती कुठं? पोरींच्या उरल्यासुरल्या चपात्या खाती उभ्या उभ्या."

"मेसच्या आधी घरात गहू होता?"

"सणाला पोळीपुरता. आमी ज्वारीवालीच माणसं."

मग रक्त तपासलं, पोटात दुर्बीण घातली. गव्हातला चिकट घटक, ग्लूटेन, आक्कांच्या आतड्याला सोसत नव्हता. अन्न अंगी लागत नव्हतं, रक्त कमी झालं होतं आणि त्यात गहू पोटात गेला की डोकं हलकं व्हायचं. मेस भूकंपानंतर सुरू झाली होती, त्यामुळं सगळं खापर भूकंपावर फुटलं होतं.

आजार कळल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नाही. परतीच्या एस.टी.त त्यांनी शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, "मी भित्री न्हाई बरं का. मला गहू हाय."

चपात्या लाटायला दोन बायका ठेवल्या. आक्कांचा तवा वेगळा, परात वेगळी, खुंटीवर फडकंसुद्धा वेगळं. एवढं करूनही महिन्यानं पुन्हा चक्कर आली. एकेक डबा उघडून शोधलं, तर दुकानच्या हिंगातच मैदा मिसळलेला निघाला. तेव्हापासून आक्का लग्नाच्या पंगतीत आचाऱ्यालाच गाठत. "आमटीत हिंग कोणता?" आचारी वैतागत, बायका पदराआड हसत. मग आक्कांनी पंगतीला जाणंच सोडलं. मेसमध्येही सगळ्यांचं आटोपलं की ओटा धुऊन त्या स्वतःची भाकरी थापत आणि भिंतीकडं तोंड करून एकट्या जेवत.

लोहा गावची अफरीन आमच्या क्लासला आणि आक्कांच्याच मेसला होती. परीक्षा जवळ आली आणि तिला चक्कर यायला लागली. मैत्रिणी म्हणाल्या, अभ्यासाची भीती. वडील न्यायला आले. "बेटा, नसेल झेपत तर घरी चल," ते मेसच्या दारात म्हणाले. अफरीन खाली मान घालून उभी.

आक्का हात पुसत बाहेर आल्या. "भाईजान, पोरगी चक्कर येतीय म्हनतीय ना? मग येतीय. मलाबी लई वर्षं लोक भीतीच म्हनले. आठ दिवस माझ्यापाशी ठिवा."

वडिलांनी ठेवलं. आक्कांना गव्हाचीच खात्री होती. तपासणीत मात्र गहू निर्दोष सुटला आणि आक्का जराशा हिरमुसल्या. अफरीनचं नुसतं रक्त कमी होतं. घरची आठवण येऊन घास उतरत नाही म्हणून ती रात्रीचं ताट तसंच परत करत होती, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पोटभर जेवायला सांगितलं.

त्या संध्याकाळी पोरींच्या पंगती उठल्या. मी हात धूत होते. आक्कांनी ओटा धुतला, आपला तवा चढवला. अफरीन चपात्यांचा डबा आत ठेवायला आली आणि तिथंच घुटमळली.

"आक्का, मला तुमच्यातली भाकरी द्याल?"

"बस की," आक्का म्हणाल्या.

ती बसली नाही. नळावर गेली, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, ओढणीवर पडलेलं पीठ दारात जाऊन झटकलं, पुन्हा हात धुतले आणि मग आक्कांच्या पाटाशेजारी मांडी घालून बसली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आक्कांनी पहिली भाकरी तिच्या ताटात टाकली, दुसरी आपल्या. मग भिंतीकडं असलेला आपला पाट त्यांनी सरकवून तिच्याकडं वळवून घेतला.