बेल वाजवू नका

"फक्त वीस मिनिटं," नवरा म्हणाला. "पाटी झाली की दाराला लावतो. मग तुझी दुपारची झोप पक्की."

आठ महिन्यांत बायकोची सलग झोप दीड तासापुढे गेली नव्हती. हल्ली वाद घालायचा म्हटलं तरी सुरुवात कुठून करायची, तेच आठवत नसे. तान्ह्या ठकीला खांद्यावर टाकून ती आतल्या खोलीत फेऱ्या मारत राहिली. कुरियरवाला, दूधवाला, मीटर बघणारा, सगळे नेमके पोरीचा डोळा लागला की बेल दाबत. म्हणून सुट्टीच्या दुपारी नवऱ्याने पाटी कोरायला घेतली होती: "बाळ झोपलंय. बेल वाजवू नका."

कोरणार अर्थात मशीन. संगणकावर अक्षरं मांडायची, फळी घट्ट आवळायची, की मशीन फिरत्या पात्याने ती लाकडात उतरवतं. एरवी ते गॅलरीत असे. पण आज तिथे दुपट्यांच्या तीन दोऱ्या भरलेल्या होत्या, म्हणून त्याची चौकट जेवणाच्या टेबलावर आली आणि फळी तिच्याखाली थेट टेबलावर आवळली गेली. टेबल घरमालकीण काकूंचं, त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने केलेलं. "त्यावर गरम भांडं ठेवू नका हं," भाड्याने घर देताना काकूंनी एवढं एकच बजावलं होतं.

नवऱ्याने पात्याचं टोक फळीला टेकवून उंची लावली. तेवढ्यात आतून हाक आली, "अरे, लंगोट दे!" तो लंगोट देऊन आला आणि त्याला वाटलं, अक्षरांना बारीक पातं बरं. त्याने पातं बदललं. नवं पातं अर्ध्या पेराने लांब होतं. पातं बदललं की उंची पुन्हा लावायची, हे त्याला पाठ होतं. पण आठ महिने तोही कुठे झोपला होता?

घूंऽऽ! फळीतून पांढुरका भुसा उडाला. मग भुसा तपकिरी झाला.

"आतलं लाकूड काय सुंदर आहे!" तो स्वतःशीच म्हणाला.

इकडे आतल्या खोलीत नवल घडलं. त्या घुमण्याने ठकीची मान कलंडली. आईने श्वास रोखून तिला गादीवर ठेवलं, शेजारी स्वतः आडवी झाली, डोळे मिटले.

बेल वाजली.

नवऱ्याने दचकून मशीन बंद केलं. ठकीने भोकाड पसरलं. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू. "काय रे, वर गिरणी टाकलीस का?"

"नाही काकू, पाटी करतोय..." त्याने फळी सोडवून, उचलून दाखवली. अक्षरांच्या भोकांतून त्याला पलीकडे काकूंचं अर्धं नाक दिसलं. मग दोघांची नजर एकदमच टेबलावर गेली. तिथेही सुबक अक्षरांत तीच ओळ होती. शेवटचा पूर्णविराम तेवढा राहिला होता.

आतून बायकोचा रडका आवाज आला, "बंद कशाला केलंस? चालू कर! आत्ताच्या आत्ता!"

नवऱ्याचं बोट आपोआप बटणावर गेलं. पातं खाली उतरलं आणि काकूंच्या देखत, त्यांच्या वडिलांच्या टेबलात, तो पूर्णविराम देऊन वर आलं. काम संपलं म्हणून मशीन थांबलं. ठकी दुप्पट जोरात सुरू झाली.

पोरीला कडेवर घेऊन ती बाहेर आली. टेबल पाहिलं आणि समोरच्या खुर्चीत मटकन बसली. "काकू, काय बोलायचं ते बोला. फक्त जरा हळू बोला. मला आता रडतानासुद्धा झोप येतेय."

काकूंनी चष्मा वर सरकवला. खाचांवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"बाबांना जन्मात एक ओळ सरळ काढता आली नाही," त्या म्हणाल्या. "ही सरळ आलीय." मग नवऱ्याकडे वळल्या. "बघतोस काय? ते पातं वर घे. पार वर. आणि चालू ठेव."

मशीन हवेत कोरू लागलं. ठकीची मान कलंडली. ठकीच्या आईचीही.

आता रोज दुपारी दोन ते चार मशीन चालतं. मित्रांनी सांगितलेल्या तीन पाट्या तशाच पडून आहेत, कारण मशीनला लाकूड दाखवायचीही परवानगी नाही. नवरा ऑफिसात असला की बटण ती दाबते. काकू टेबलापाशी लक्ष ठेवायला म्हणून येऊन बसतात आणि पाच मिनिटांत घोरू लागतात.

दाराला ती आरपार भोकांची पाटी टांगलेली आहे. ती कोणी वाचत नाही. बेल पूर्वीइतकीच वाजते, पण मशीनच्या आवाजात गाढ झोपलेल्या घरात ती कोणालाच ऐकू येत नाही.